घरची साठवणपेटी आणि तिची आपोआप जोडणी

दासोपंतांच्या पासोडीचें नांव ज्यांच्या कानीं नाहीं, असें घर अंबेजोगाईंत सांपडणें कठीण. सन १६१५ त समाधिस्थ झालेल्या ह्या कवीनें लांबलचक कापडावर पंचीकरणाचा विषय लिहून काढला, आणि तें वस्त्र आजही तेथें जपलेलें आहे. पासोडी उलगडली कीं अक्षर दिसतें. ती आहे कीं नाहीं, असा संशय पडत नाहीं. आमच्या घरच्या कागदांविषयीं मात्र तसा संशय पडण्याचा प्रसंग आला. एकत्र कुटुंबांतील वाचकांस उपयोगीं पडेल म्हणून तो येथें सांगतों.

आमच्या घरीं चूल एकच, परंतु संगणक तीन. आजोबांचीं पत्रें, वंशावळ व जमिनीचे जुने कागद यांचीं छायाचित्रें एके ठिकाणीं असावींत, म्हणून माडीवर एक साठवणपेटी बसविली व घरच्या नेटवर्कानें ती सर्वांस जोडली. दुसऱ्या यंत्रांतील फोल्डर आपलाच म्हणून वापरण्याची युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंतील सन कंपनीनें एनएफएस ही पद्धति १९८४ तच पुढें आणली होती. संगणकांत एक रिकामा फोल्डर करून त्यावर पेटीचा फोल्डर बसवितात. ह्यास माउंट करणें म्हणतात.

आमच्याकडे वीज जाणें-येणें नवलाचें नाहीं. ती परत आली कीं संगणक चटकन जागा होतो, पेटीस मात्र उठावयास दोन-तीन मिनिटें लागतात. एके दिवशीं आमच्या लिनक्स संगणकानें जोडणी मागितली, उत्तर मिळालें नाहीं, आणि तो तसाच पुढें चालूं लागला. फोल्डर जागच्या जागीं होता, फक्त रिकामा. पुतण्यानें त्यांतच आजोबांच्या पत्रांचीं छायाचित्रें ठेविलीं. पत्रें १९४८ पूर्वीचीं, बीड निजामाच्या राज्यांत असतांनाचीं; कसरीनें इतकीं खाल्लेलीं कीं पुन्हां उलगडण्याची सोय नव्हती. दुसऱ्या दिवशीं पेटी नीट जोडली गेली, आणि छायाचित्रें नाहींशीं झालीं! वहिनींनीं लेकाशीं दोन दिवस अबोला धरला.

छायाचित्रें गेलीं नव्हतीं. तीं संगणकाच्या स्वतःच्या डिस्कवर होतीं, व वर पेटीचा फोल्डर बसल्यानें झांकलीं होतीं. जोडणी सोडतांच तीं दिसूं लागलीं.

उपाय सोपा आहे. एफएसटॅब नांवाच्या फाइलींत पेटीची जी ओळ असते, तींत ‘नोऑटो’ व ‘एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट’ हे शब्द घालावे. मग संगणक सुरू होतांना पेटीची वाट पाहत नाहीं. कोणी फोल्डर उघडला कीं त्या वेळीं जोडणी करतो, आणि पेटी झोपलेली असल्यास चूक दाखवितो, खालीं लिहूं देत नाहीं. शिवाय जोडणी सुटलेली असतांना त्या रिकाम्या फोल्डरावर ‘चॅटर +आय’ ही आज्ञा चालवून ठेवावी, म्हणजे त्यांत कोणासही कांहीं टाकतां येत नाहीं. पेटीचा पासवर्ड त्याच ओळींत लिहूं नये. ती फाइल घरांतील कोणीही वाचूं शकतो, आणि आमच्या घरांत वाचणारे पुष्कळ! तो निराळ्या फाइलींत, फक्त व्यवस्थापकास वाचतां येईल असा ठेवावा. विंडोज वापरणाऱ्यांनीं ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ मध्यें ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’ ही खूण केली कीं पुरे.

परवां पुन्हां वीज गेली. ती आल्यावर पुतण्यानें घाईनें फोल्डर उघडला, तों चूक दिसली. तो चहा घेऊन आला तेव्हां पेटी जागी झाली होती.