सिकलसेल : पेशी चिकटतात, म्हणून दुखते

विदर्भातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ मध्येच केली होती. तरीही अनेक कुटुंबे विचारतात, "हातपाय, पाठ एकाएकी इतकी का दुखते?"

विळ्याच्या आकाराच्या लाल पेशी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला चिकटतात. मागून येणाऱ्या पेशी तिथे तुंबतात, पुढे ऑक्सिजन पोहोचत नाही आणि वेदना सुरू होतात.

चिकटपणा मोजता येतो का?
हो. चिकट प्रथिनाचा लेप दिलेल्या अतिशय बारीक नळीतून रक्त सोडतात आणि चिकटून राहिलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली मोजतात. मात्र ही पद्धत मुख्यतः संशोधनासाठी वापरतात. निदानासाठी एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस ही रक्ततपासणी पुरते.

तो कमी कसा करायचा?
हायड्रॉक्सीयुरियाने एफ हिमोग्लोबिन वाढते, पेशी कमी वाकतात आणि कमी चिकटतात. परिणाम दिसायला काही महिने लागतात. म्हणून दुखणे थांबले तरी गोळी स्वतःहून बंद करू नका. रक्ततपासणी वेळेवर करा. मूल हवे असल्यास आधी डॉक्टरांशी बोला.

नागपूरच्या उन्हाळ्यात भरपूर पाणी प्या, थंडीत ऊबदार कपडे घाला.

ताप, छातीत दुखणे किंवा धाप लागल्यास घरी थांबू नका. लगेच रुग्णालयात जा.