नावं कोणाची, आकडे कोणाचे

बेल्जियममधल्या ईप्र या गावात रोज रात्री आठ वाजता मेनिन गेट या स्मारक-कमानीखालची वाहतूक थांबते. बिगुलवाले रस्त्याच्या मधोमध उभे राहून ‘लास्ट पोस्ट’ वाजवतात, कोणी पुष्पचक्र ठेवतं, आणि थोड्याच वेळात मोटारी पुन्हा सुरू. वाजवणारे लष्करी बँडचे नाहीत. स्थानिक अग्निशमन दलाच्या लोकांनी ही जबाबदारी उचलली आणि १९२९पासून रोज सांभाळली. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी गाव घेतल्यावर बिगुल इंग्लंडमध्ये ब्रुकवुडच्या दफनभूमीत वाजू लागला. ६ सप्टेंबर १९४४ला पोलिश सैन्यानं गाव सोडवलं. अजून काही भागांत चकमकी चालू होत्या, तरी त्याच संध्याकाळी बिगुल मेनिन गेटखाली परतला.

कमानीच्या भिंतींवर चोपन्न हजारांवर नावं आहेत, सगळी पहिल्या महायुद्धात ज्यांचा देह सापडला नाही त्यांची. एवढ्या मोठ्या भिंतीही अपुऱ्या पडल्या, म्हणून ऑगस्ट १९१७च्या मध्यानंतर बेपत्ता झालेल्या सुमारे पस्तीस हजार जणांना जवळच्या टाइन कॉटला जागा दिली. आजही त्या भागात खोदकामात अस्थी निघतात. ओळख पटली तर रीतसर दफन होतं आणि भिंतीवरचं नाव काढून टाकतात. स्मारकावरून नाव पुसलं जाणं ही आनंदाची बातमी ठरावी, असं दुसरीकडे क्वचितच घडत असेल.

शिपायाचं नाव दगडावर कोरायचं, ही कल्पना तशी अलीकडची. त्याआधी पुतळे सेनापतींचे, आणि शिपायांना सामाईक खड्डा. १९१७ साली फेबियन वेअर यांच्या पुढाकारानं ब्रिटिशांनी युद्धकबरींसाठी स्वतंत्र आयोग नेमला. त्याचा नियम सरळ होता: जनरल असो वा शिपाई, दगड सारखाच, आणि कोणाचाही मृतदेह मायदेशी न्यायचा नाही, कारण ते फक्त श्रीमंतांनाच परवडलं असतं. घरच्यांचा विरोध झाला, तरी नियम टिकला. ज्यांची ओळखच पटली नाही अशांपैकी एकेका सैनिकाला ११ नोव्हेंबर १९२० रोजी लंडन आणि पॅरिसमध्ये एकाच दिवशी सन्मानानं नेलं. वॉशिंग्टनमध्ये १९८२ साली माया लिन यांनी व्हिएतनाम युद्धाच्या भिंतीवर नावं हुद्द्यानं न लावता मृत्यूच्या तारखेनं लावली, तीही याच विचाराची पुढची पायरी.

पण हा समतेचा नियम सगळीकडे पाळला गेला नाही, आणि ही गोष्ट आपल्या अगदी जवळची आहे. फ्रान्समध्ये न्यव्ह शापेलच्या स्मारकावर ४,७००हून अधिक भारतीयांची नावं आहेत. बसऱ्यात मात्र दुसराच न्याय. इराकच्या आघाडीवर सहावी पुणे डिव्हिजन होती. तिच्यातल्या १०३, ११० आणि ११७ क्रमांकाच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ ते एप्रिल १९१६ कुतच्या वेढ्यात अडकल्या. उपासमारीनंतर शरणागती आली, आणि नंतरच्या कैदेत शेकडो मेले. बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश शिपायांची नावं कोरली. भारतीयांपैकी नावं फक्त अधिकाऱ्यांची. शिपायांचा पलटणीनिहाय आकडा. युरोपात पाहुण्यांच्या नजरेसमोर जी समता जपली, ती वाळवंटात कशी विरली, हे २०२१मध्ये आयोगाच्याच अहवालानं मान्य केलं आणि माफीही मागितली. शतक उलटून गेल्यावर.

नेदरलँड्समधल्या मारग्राटनचं उदाहरण मला या सगळ्या स्मारकांपेक्षा मोठं वाटतं. तिथल्या दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन दफनभूमीत आठ हजारांवर कबरी आहेत. १९४५पासून आसपासच्या कुटुंबांनी एकेक कबर दत्तक घेतली आहे. फुलं नेणं, अमेरिकेतल्या नातेवाइकांना पत्र लिहिणं, पुढे ते काम मुलांकडे सोपवणं. सगळ्या कबरी दत्तक गेल्या असून नव्या इच्छुकांची प्रतीक्षायादी आहे.

आपल्याकडे दिल्लीत १९७२ साली अमर जवान ज्योत पेटली, २०१९मध्ये राष्ट्रीय समर स्मारक झालं. तिथे स्वातंत्र्यानंतर कामी आलेल्यांची नावं आहेत. त्याआधीच्यांपैकी दुसऱ्या महायुद्धातले माणगावचे यशवंत घाडगे व्हिक्टोरिया क्रॉसमुळे लक्षात राहिले. त्यांचा देह सापडला नाही. नाव इटलीत कॅसिनोच्या स्मारकावर, पुतळा माणगावात. बाकीच्यांसाठी साताऱ्याकडे आणि कोकणात जुन्या पाट्या दिसतात: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके कामी आले. पुन्हा आकडेच. तुमच्या गावात अशी पाटी असेल तर आयोगाच्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. कित्येक नोंदींत वडिलांचं नाव आणि गावही दिलेलं असतं. फक्त साहेबी कारकुनांनी मराठी नावांची स्पेलिंगं मनाला येईल तशी केलेली आहेत, तेव्हा तीन-चार प्रकारे लिहून पाहावं.