इंपीच : पायांतील बेडीचा शब्द

१९९८ च्या डिसेंबरांत अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन ह्यांस तेथील प्रतिनिधिगृहानें ‘इंपीच’ केल्याची वार्ता आली, तेव्हां आम्ही घरांत ठणकावून सांगितलें कीं, गृहस्थ पदावरून गेले! पुढें फेब्रुवारींत सेनेटानें त्यांस दोषमुक्त केलें व ते मुदत संपेपर्यंत अधिकारावर राहिले. घरांत आमची थट्टा झाली, ती योग्यच होती. इंपीच करणें म्हणजे काढून टाकणें नव्हे. अधिकारपदस्थावर विधिमंडळानें रीतसर आरोप ठेवणें, एवढाच त्याचा अर्थ. निवाडा पुढें व्हावयाचा असतो. १८६८ सालीं अध्यक्ष जॉन्सन तर केवळ एका मतानें बचावले.

ह्या शब्दाचें कूळ मोठें मौजेचें आहे. लॅटिन भाषेंत ‘पेडिका’ म्हणजे पायांतील बेडी. तीवरून ‘इंपेडिकारे’, म्हणजे पाय जखडणें, हें क्रियापद झालें आणि तें जुन्या फ्रेंचमधून इंग्रजींत उतरलें. मुळाशीं असलेला ‘पेस’, म्हणजे पाय, हा आपल्या ‘पाद’ शब्दाचा सगोत्रच होय. फ्रेंचांनीं अडविणें हा अर्थ अद्याप राखला आहे. इंग्रजांनीं मात्र अडविण्यावरून आरोप करण्यापर्यंत मजल नेली.

हिंदुस्थानच्या इतिहासांत हा शब्द वॉरन हेस्टिंग्जमुळें शिरला. कॉमन्स सभेनें १७८७ मध्यें त्यास इंपीच केलें. बर्क ह्यांचें वक्तृत्व गाजलें. पण लॉर्डांपुढील खटला १७८८ पासून १७९५ पर्यंत रेंगाळला आणि अखेर हेस्टिंग्ज सुटला! सुटला खरा, पण खर्चापायीं पुरता नागवला. धात्वर्थांतील बेडी ती हीच म्हणावी काय?

न्यायालयांत साक्षीदारासही इंपीच करितात. तेथें अर्थ सौम्य : त्याच्या विश्वसनीयतेस बाध आणणें. ‘अनइंपीचेबल’ म्हणजे जिकडे बोट दाखवितां येत नाहीं अशी साक्ष किंवा असें चारित्र्य.

मराठींत आपण ‘महाभियोग’ म्हणतों. ‘अभियोग’ म्हणजे आरोप, तेव्हां शब्द नेमका आहे. उपयोग मात्र सैल होतो. न्यायाधीशांवरील महाभियोगाच्या बातम्या वृत्तपत्रें देतात, परंतु आपल्या संविधानांत हें क्रियापद राष्ट्रपतींविषयीं, ६१ व्या अनुच्छेदांत, योजिलें आहे. न्यायाधीशांसंबंधीं १२४ व्या अनुच्छेदांत ‘पदावरून दूर करणें’ एवढेंच साधें म्हटलें आहे.