बडबडा प्रोग्राम आणि हरवलेली आंदोलने

लंबकाची आंदोलने मोजताना मुलांच्या हाती स्टॉपवॉच देण्याऐवजी प्रकाशसंवेदक व मायक्रोकंट्रोलर वापरला, तर? आम्ही आर्डुइनो उनो घेऊन तसे करून पाहिले. गोळा प्रकाशाच्या आड आला की एक नोंद. काय चालले आहे ते कळावे म्हणून प्रत्येक फेरीत सुमारे ४० अक्षरे संगणकाच्या पडद्यावर पाठवली, आणि नोंदी गळू लागल्या!

कारण साध्या गणितात आहे. सीरियल तारेतून एकामागून एक बिट जातो. अक्षराचे ८ बिट, आरंभाचा १ आणि शेवटचा १, असे १० बिट. ९६०० बॉड वेगाने सेकंदाला ९६० अक्षरे जातात; म्हणजे ४० अक्षरांना सुमारे ४२ मिलिसेकंद. उनोमध्ये निघण्याची वाट पाहणाऱ्या अक्षरांसाठी ६४ बाइटची रांग असते. ती भरली की प्रोग्राम खोळंबतो. इकडे ५ सेंमी उंचीवरून सोडलेला गोळा तळाशी सेकंदाला सुमारे १ मीटर वेगाने जातो. त्याचा व्यास २ सेंमी असेल, तर प्रकाश जेमतेम २० मिलिसेकंद अडतो. ४२ मिलिसेकंदांतून एकदाच पाहणाऱ्याला तो दर वेळी कसा दिसेल?

पहिला उपाय म्हणजे ११५२०० बॉड वेग निवडणे. आता ४० अक्षरांना सुमारे ३.५ मिलिसेकंद लागतात. गोळा निसटत नाही. पण प्रत्येक वेळेत तेवढी अनिश्चितता उरते. संगणकाकडेही हाच वेग निवडावा, नाहीतर पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात.

दुसरा उपाय अधिक चांगला. प्रोग्रामच्या आरंभी ‘डीबग’ या नावाला १ किंवा ० किंमत द्यायची आणि छापण्याच्या ओळी त्या अटीत ठेवायच्या. किंमत ० असेल तर त्या ओळी कंपाइल होण्यापूर्वीच गाळल्या जातात. चिपमध्ये त्या पोचतच नाहीत. वेळ वाचतो आणि जागाही. उनोची रॅम अवघी २०४८ बाइट आहे आणि छापायची साधी वाक्येही तिच्यातच जागा अडवतात.

मात्र एक काळजी घ्यावी. नोंदींची बेरीज करणारी ओळ चुकून त्या अटीत गेली, तर ‘डीबग’ ० करताच मोजणीच बंद पडेल.

वर्गात ९६०० बॉड वेग ठेवून, आधी १ आणि मग ० किंमत देऊन २० आंदोलने मोजवून घ्या. प्रत्येक आंदोलनात गोळा तळातून दोनदा जातो, म्हणून उत्तर ४० यायला हवे. पहिल्या वेळी किती येते आणि का, हे मुलांनाच शोधू द्या.