प्रतिपिंडं कोणाची?

गोवर-रुबेलाची लस नऊ महिने पूर्ण झाल्यावरच का, हा प्रश्न माझ्या दवाखान्यात नेहमीचा. उत्तर आईच्या रक्तात आहे. वारेतून तिची प्रतिपिंडं बाळाला मिळतात, सर्वांत जास्त गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत. लस लवकर टोचली, तर लशीतल्या दुबळ्या विषाणूचा ही प्रतिपिंडंच फडशा पाडतात आणि बाळाचं शरीर काही शिकत नाही. मिरजेकडच्या एका आजींना हे सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "म्हंजे आईचं आजून अंगात हाय म्हना की!" मी मान डोलावली.

हेच 'आईचं अंगात' असणं फिनलंडच्या जंगलात एका विषाणूची चाल ठरवतं. बँक व्होल हा तांबूस पाठीचा, आखूड शेपटीचा, साधारण 20 ग्रॅमचा रानउंदीर. पुमाला नावाचा हंटाव्हायरस त्याच्या अंगात मुक्काम ठोकतो. एकदा लागण झाली की ती जन्मभराची. लाळ, मूत आणि लेंड्यांतून विषाणू बाहेर पडत राहतो आणि शरीराबाहेरही आठवडा-दोन आठवडे तग धरतो. थंडीच्या तोंडावर व्होल लाकूडफाट्याच्या खोपीत शिरतात. तिथली धूळ माणसाच्या नाकात गेली की ताप, पाठदुखी आणि मूत्रपिंडाचा त्रास सुरू होतो. फिनलंडमध्ये वर्षाला साधारण 1,000 ते 3,000 जणांना हा आजार होतो. मृत्यू मात्र क्वचितच.

लागण झालेल्या मादीकडून पोटातल्या पिल्लांना विषाणू जात नाही. जातात ती प्रतिपिंडं. माणसात हे काम मुख्यतः वार करते. उंदरांत जन्मानंतरही चालू राहतं: दुधातली प्रतिपिंडं पिल्लाच्या आतड्यातून थेट रक्तात उतरतात. ही शिदोरी अडीच-तीन महिने पुरते.

तिचा उपयोग किती, हे एव्हा कॅलिओ आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसलं. कुंपण घातलेल्या मोकळ्या जागेत त्यांनी दोन प्रकारची पिल्लं ठेवली: आईकडून प्रतिपिंडं मिळालेली आणि न मिळालेली. मिळालेल्यांना लागण उशिरा झाली आणि त्यांची वीणही सरस ठरली. कोवळ्या वयात विषाणूशी झुंजावं न लागणं हा त्यांचा फायदा.

विषाणूचं मात्र यात फारसं बिघडत नाही. पिल्लाचं कवच उतरेपर्यंत लागण झालेला एखादा शेजारी जिवंत राहिला की त्याचं भागतं. आणि लागण जन्मभराची असल्यामुळे असा शेजारी बहुधा असतोच. शरदात वीण थांबते, नवी पिल्लं येत नाहीत आणि उन्हाळाअखेरच्या पिल्लांची कवचं हिवाळ्यात एकेक करून गळून पडतात. ज्या माद्या विषाणू पसरवतात, त्याच पुढच्या पिढीला काही काळ त्याच्यापासून राखतात. म्हणून जंगलात लागण झालेले उंदीर किती, एवढंच मोजून साथीचा अंदाज येत नाही. त्यांत माद्या किती आणि वीण कधीची, हेही पाहावं लागतं.

मोजण्यातही एक खोच आहे. रक्तात प्रतिपिंडं सापडली म्हणजे लागण झालीच, असं पिल्लाबाबत म्हणता येत नाही. त्यामुळे संशोधक पकडलेल्या व्होलचं वजन बघतात. हलकं पिल्लू असेल तर प्रतिपिंडं आईची असू शकतात, हे धरून चालतात. आम्हा बालरोगतज्ज्ञांना हा पेच चांगलाच ओळखीचा आहे. एचआयव्हीबाधित आईच्या तान्ह्या बाळाची प्रतिपिंड चाचणी पॉझिटिव्ह येते, बाळाला लागण झालेली नसली तरी. आईची प्रतिपिंडं 18 महिन्यांपर्यंत दिसू शकतात, म्हणून त्याआधी खुद्द विषाणू शोधणारी पीसीआर चाचणी करतो. घाबरलेल्या बापाला हे समजावताना मी रिपोर्टवरच्या 'पॉझिटिव्ह'वर बोट ठेवत नाही. आधी वरच्या कोपऱ्यातलं बाळाचं वय दाखवते.