संकरित मक्याचे बी दरसाल नवे का घ्यावे?



ऊस मोडल्यावर मका करणारे सभासद आम्हाला नेहमी विचारतात, "उसाचं बेणं घरचं चालतं, मग मक्याची पिशवी दरसाल विकत कशाला?" प्रश्न रास्त आहे, म्हणून थोडी फोड करून सांगतो.

उसाची टिपरी हा त्याच उसाचा तुकडा. त्यातून मूळचेच गुण येतात. मक्याचा तुरा शेंड्याला आणि कणीस खोडाच्या मध्यावर. पराग वाऱ्याने उडून शेजारच्या कणसावर पडतो. म्हणून शास्त्रज्ञ पिशव्या बांधून एकाच झाडाचा पराग त्याच्याच कणसावर घालतात. सहा-सात पिढ्यांनी वाण शुद्ध होतो, पण झाड खुरटते. असे दोन निराळे शुद्ध वाण जुळवले की पहिल्या पिढीत जोम येतो. हाच संकर. त्याचे दाणे पुन्हा पेरले तर गुण फुटतात, झाडे लहान-मोठी होतात आणि उतारा घटतो.

उताऱ्याबरोबर रोगाचेही पाहावे लागते. त्यासाठी झाडांवर मुद्दाम रोग पाडून पारख करतात; तगतील तीच पुढे नेतात. पण ही ताकद कायमची नसते.

बीजोत्पादनात मादी ओळींचे तुरे पराग सुटण्याआधी उपटावे लागतात. अमेरिकेत ही मजुरी वाचवण्यासाठी वांझ तुऱ्याचा 'टेक्सास' गुण वापरात आला. तो आईकडूनच उतरतो. १९७० पर्यंत तिथल्या सुमारे ८५ टक्के संकरित बियाण्यात तो होता. नावे अनेक, पण आईकडचा गुण एकच! त्याच साली करप्याची बुरशी नेमकी त्या गुणावर उठली आणि देशाचे सुमारे १५ टक्के मक्याचे पीक गेले. पुढे पुन्हा हाताने तुरे उपटणे आले.

उसालाही हेच लागू आहे. उत्तर प्रदेशात बहुतेक क्षेत्र को ०२३८ या एकाच वाणाखाली आले आणि पुढे लाल कुजेने त्याला गाठले.

तेव्हा सभासदांनी एवढे करावे. संकरित मक्याचे दाणे बियाण्याला ठेवू नयेत. वाण कोणत्या रोगाला दाद देत नाही, ते घेतानाच विचारावे. पावती व पिशवीची चिठ्ठी पीक निघेपर्यंत जपावी. आणि सगळं रान एकाच वाणाच्या भरवशावर टाकू नये. मका असो की ऊस.