पाम रोपवाटिका: मोड आलेलं बी घ्यायचं की साधं? आधी हिशेब, मग ऑर्डर



घरामागच्या वाडीत हिरवी शेडनेट टाकायची, पामची रोपं करायची आणि भंडारा-लाखनी-साकोलीच्या हायवेवर किंवा नागपूरच्या नर्सरीवाल्यांना द्यायची, हा विचार तुमच्यापैकी अनेकांच्या मनात असतो. विचार चांगला आहे. पण बी शोधायला गेलं की पहिल्याच पायरीवर दोन भाव समोर येतात: साधं बी स्वस्त आणि मोड आलेलं बी कितीतरी महाग. भांडवल पाच-दहा हजारांचं असेल तर इथे चुकलेला निर्णय अख्खं वर्ष खातो. म्हणून आज फक्त याच एका प्रश्नावर बोलू.

पामचं बी म्हणजे धान नव्हे

आपल्या जिल्ह्यात धानाचं बियाणं वाळवून पोत्यात ठेवतात आणि पुढच्या हंगामात त्याचे पऱ्हे टाकतात. उगवण चांगली होते. आपल्याला हीच सवय आहे आणि पामच्या बाबतीत तीच नडते. अरेका पामसारख्या बहुतेक शोभेच्या पामचं बी पूर्ण वाळलं की मरतं. पिकलेलं फळ काढून गर साफ केल्यावर ते जितकं ताजं पेराल तितकी उगवण जास्त. चार-सहा महिने दुकानात पडलेलं पाकीट बाहेरून चकचकीत दिसतं, पण आतला जीव गेलेला असू शकतो.

खजूर आणि आपल्या नाल्याकाठची सिंदी मात्र याला अपवाद आहे. त्यांचं बी वाळलेलं असलं तरी बराच काळ टिकतं. म्हणजे "पामचं बी" असा एकच माल बाजारात नसतो. कोणता पाम आहे, हे आधी विचारायचं.

आणि नावाचा घोळ लक्षात ठेवा. सुपारीचं शास्त्रीय नाव अरेका कॅटेचू आहे. घरात कुंडीत ठेवतात तो पिवळसर दांड्यांचा अरेका पाम वेगळा, तो मूळचा मादागास्करचा. "अरेका बी" एवढंच लिहून मागवलं तर सुपारी घरी येऊ शकते. आईझाडाचा आणि बियांचा फोटो मागा.

मोड कसा फुटतो, यावर खरेदी ठरते

पाममध्ये उगवण मुख्यतः दोन प्रकारे होते. अरेका पाम, नारळ, सुपारी यांचा कोंब बियांना चिकटूनच बाहेर येतो. असं मोड आलेलं बी ओलसर कोकोपीटमध्ये नीट बांधलं तर प्रवास सोसतं.

सिंदी, खजूर, वॉशिंग्टोनिया, बिस्मार्किया, ताड यांचं तसं नाही. बियांतून आधी एक दांडी निघते, ती खाली जमिनीत जाते आणि रोप बियांपासून दूर तयार होतं. ताडाची दांडी तर चांगलीच खोल जाते. ही दांडी पार्सलमध्ये मोडली की खेळ संपला. म्हणून या जातींचं साधं बीच घ्यायचं आणि सरळ खोल पन्नीत लावायचं. जास्तीचे पैसे देऊन मोड विकत घेण्यात अर्थ नाही.

आता हिशेब मांडू

खालचे आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत. तुम्हाला मिळालेले भाव यात टाका.

साधं अरेका बी: समजा १,००० बिया, २ रुपये नग, म्हणजे २,००० रुपये. कुरिअर २०० रुपये. रेती, कोकोपीट, ट्रे आणि दोन-तीन महिन्यांचं पाणी-देखभाल ६०० रुपये. एकूण २,८०० रुपये. उगवण ४० टक्के धरली तर ४०० मोड. त्यातले ९० टक्के जगले तर ३६० रोपं. एका रोपामागे खर्च सुमारे ७ रुपये ७८ पैसे.

मोड आलेलं बी: ४०० नग, ७ रुपये भाव, म्हणजे २,८०० रुपये. लवकर पोचणारं पार्सल ४०० रुपये. एकूण ३,२०० रुपये. वाटेत आणि लावताना १५ टक्के गेले तर ३४० रोपं. एका रोपामागे सुमारे ९ रुपये ४१ पैसे.

इथे साधं बी जिंकलं. पण तेच बी जुनं निघालं आणि उगवण २० टक्क्यांवर आली, तर १८० रोपं हाती येतात आणि खर्च रोपामागे साडेपंधरा रुपये होतो. म्हणजे या उदाहरणात सीमारेषा साधारण ३३ टक्के आहे. शंभरात ३३ पेक्षा जास्त बिया उगवत असतील तर साधं बी परवडतं. त्याहून कमी उगवत असतील तर मोड आलेलं परवडतं.

म्हणजे प्रश्न स्वस्त-महागाचा नाही. या विक्रेत्याच्या शंभर बियांतून किती उगवतात, हे तुम्हाला माहीत आहे का? माहीत नसेल तर हजाराची ऑर्डर द्यायचीच नाही.

उगवण घरीच तपासा

आधी १०० बिया मागवा. दहा बिया कापून पाहा. आतला भाग पांढरा, घट्ट आणि भरलेला हवा. पोकळ, तपकिरी किंवा वास येणारं बी म्हणजे मेलेलं.

उरलेल्या ९० बिया एक-दोन दिवस पाण्यात भिजवा, पाणी रोज बदला. मग ओलसर कोकोपीटसोबत पिशवीत बंद करून सावलीत ठेवा. कोकोपीट मुठीत दाबलं तर पाणी टपकायला नको. ऊब साधारण २७ ते ३५ अंश असेल तर ताज्या अरेकाला दीड-दोन महिन्यांत मोड दिसायला लागतात.

आपल्याकडच्या हिवाळ्यात रात्री गारठा असतो, तेव्हा हेच काम रेंगाळतं. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलं तर बी शिजतं. त्यामुळे फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चमध्ये सुरुवात करा आणि उन्हाळ्यात पिशव्या घरातल्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवा. मोड आलेल्या बियांचं पार्सलही कडक उन्हात मागवू नका.

मोड आलेलं घ्यायचंच असेल तर

विक्रेत्याला चार गोष्टी विचारा. मोड कधी आला? मूळ किती लांब आहे? पॅकिंग कशात आहे? पार्सल किती दिवसांत पोचेल? मूळ छोटं, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचं असतानाच प्रवास बरा. लांब, गुंतलेली मुळं हमखास मोडतात. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, तुटलेले नग मोजा आणि "तुटलं तर बदलून देऊ" हे आधीच व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. बिल मागा. बिया आल्या त्याच दिवशी लावा आणि ट्रे शेडनेटखालीच ठेवा.

आणि वेळेचा गैरसमज काढून टाका. मोड आलेल्या बियांमुळे दोन-तीन महिने वाचतात, वर्ष वाचत नाही. विकण्याजोगं अरेकाचं रोप व्हायला त्यानंतरही साधारण वर्षभर तरी लागतं. घरखर्च या पैशावर अवलंबून ठेवू नका.

नारळाचा नियम वेगळा

नारळात लवकर फुटलेला कोंब हीच निवडीची खूण आहे. चांगल्या रोपवाटिकेत लवकर, म्हणजे पाच-सहा महिन्यांच्या आत कोंब आलेले नारळच ठेवतात आणि मागे राहिलेले काढून टाकतात. त्यामुळे स्वस्तात मिळणारे कोंब आलेले नारळ हे काढून टाकलेले तर नाहीत ना, हे विचारा. नऊ ते बारा महिन्यांचं, जाड बुंध्याचं रोप घेणं जास्त सुरक्षित. नारळ विकास मंडळाची रोपवाटिका कोकणपट्टीत पालघरला आहे, तशीच छत्तीसगडात कोंडागावलाही आहे.

खजुराचं फळ विकायचं स्वप्न असेल तर बी घेऊच नका. बियांपासून झालेली साधारण निम्मी झाडं नर निघतात आणि कोणतं नर, ते फुलं येईपर्यंत कळत नाही.

तिसरा पर्याय: फुकटचं बी

अरेका पामची जुनी झाडं भंडारा-नागपूरच्या बंगल्यांत, शाळांत, कार्यालयांत उभी आहेत. फळं पिवळी-केशरी होऊन पडतात आणि झाडून फेकली जातात. परवानगी घ्या, ताजी फळं गोळा करा, हातमोजे घालून गर काढा. काही पामच्या गराने हाताला भयंकर खाज सुटते, भेर्ली माडाच्या तर जास्तच. बियांचं वय तुम्हाला पक्कं माहीत असतं, हा याचा सगळ्यात मोठा फायदा.

सिंदीचंही तसंच. आपण जिचे फडे वापरतो, तीच सिंदी बागकामवाल्यांच्या यादीत "सिल्व्हेस्टर पाम" म्हणून असते. वाढ हळू आहे, पण आपल्या उन्हाला ती आधीच सरावलेली आहे.

एक कायद्याची गोष्ट: नारळासारखी फळझाडांची रोपं विकायची असतील तर महाराष्ट्रात १९६९ च्या फळ रोपवाटिका कायद्यानुसार परवाना लागतो. तालुका कृषी कार्यालयात आधी चौकशी करा. लागवडीच्या शंकांसाठी साकोलीचं कृषी विज्ञान केंद्र आहेच.

या आठवड्याचं काम

एक, तुमच्या गावातली पामची पाच आईझाडं शोधा आणि फळं कधी पिकतात ते वहीत लिहा. दोन, दोन विक्रेत्यांकडून शंभर-शंभर साध्या बिया मागवा आणि पिशव्यांवर तारीख टाका. तीन, जवळच्या तीन नर्सऱ्यांत जाऊन विचारा: कोणता पाम विकला जातो, किती उंचीचा, आणि आंध्रातल्या कडियमहून येणारा माल त्यांना काय भावात पडतो? तुमच्या रोपाची स्पर्धा त्याच मालाशी आहे.

दोन महिन्यांनी पिशव्यांतले मोड मोजा. तो आकडा वरच्या हिशेबात टाका, आणि मगच मोठी ऑर्डर द्या.